बोहनी

दूध संकलन केंद्राची खोली मला स्वस्तात मिळाली
कारण तिचा वास गेलेला नव्हता.
चुन्याचे तीन हात दिले, महिनाभर खिडक्या उघड्या टाकल्या,
तरी हवा दमट झाली की भिंती आंबतात
आणि माझ्या कथासंग्रहांना ताकाचा वास येतो,
असं मेता म्हणते.
मेता वाचत नाही. वास मात्र घेऊन जाते.

व्होरूपासून अठ्ठावीस किलोमीटर.
बस आठवड्यातून तीनदा.
घरं एकोणीस, धूर सात धुराड्यांतून.
बँकेतल्या बाईंनी हा आकडा दोनदा विचारला,
मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं,
रिपोर्ट हातात घेतलेले डॉक्टर पाहतात तसं.

टार्टूच्या छापखान्यात बावीस वर्षं मी
पुस्तकांच्या पाठी शिवल्या.
पाठ शिवणाऱ्याला पुस्तकाचं तोंड क्वचितच दिसतं.
मशीन आलं, आमची टेबलं गेली,
आणि मी इथे आले, आईच्या गावी,
तेराशे पुस्तकं आणि एक सुई घेऊन.

पहिल्या दिवशी चौघं आले.
एकाला बॅटरीचे सेल हवे होते.
एकीला मांजरीच्या जंतांचं औषध.
तिसरा शेकोटीपाशी बसला आणि उठेचना.
मेताला दोरा हवा होता, काळा, जाड.
तो माझ्याकडे होता.
तिने पैसे मोजून टेबलावर ठेवले.
मी वहीत लिहिलं: दोरा, एक रीळ.
पुस्तकांच्या दुकानाची बोहनी दोऱ्याने झाली.
हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग
दुसरंही काहीतरी आलं, ते मी गिळलं.

नोव्हेंबरात साडेतीनलाच अंधार पडतो.
दिवा लावून बसायचं, लाकडं मोजायची,
आज दोन ओंडके, उद्या दीड.

अशा एका संध्याकाळी एवाल्ड आला,
टोपीवर बर्फ, हातात काही नाही.
जंगलाच्या कडेला त्याच्या चाळीस पेट्या,
वडिलांपासूनच्या माश्या.
त्याने मधमाशीपालनाचं पुस्तक उचललं,
उभ्यानेच चाळलं, आणि म्हणाला,
"कोण हा? आमच्याकडे कधी आलाय का?"
विकत घेतलं. भांडायला घेतात तसं.

फेब्रुवारीत परत घेऊन आला.
"पैसे नकोत, विर्वे. चुका तेवढ्या काढल्यात.
लोकांना भलतंच कळायला नको."

पान उलटेल तसं समासात शिसपेन्सिल.
"हे सपाट प्रदेशात. इथे दहा दिवस उशिरा."
"धूर इतका नको. माणसं आहेत का ती?"
अस्वलासाठी तारेचं कुंपण घाला, असं जिथे लिहिलंय
तिथे: "अस्वलाला वाचून दाखवा."
एका पानावर दातांच्या डॉक्टरचा फोन नंबर,
एका पानावर नुसता मधाचा अंगठा.

त्या प्रतीची किंमत मी खोडली.
आता ती काचेत असते, वजनकाट्याच्या तबकात,
जिथे पूर्वी दुधाचा कॅन ठेवायचे.
ताव्ही येतो, चौदा वर्षांचा, त्याची एकच पेटी.
नवी प्रत दिली तर तोंड वाकडं करतो:
"ही नको. लिहिलेली द्या."
बूट वितळून जमिनीवर तळं होईपर्यंत वाचतो.

धंदा चाललाय असं नाही.
मार्चचं भाडं मी दोऱ्यात आणि सुयांत काढलं,
थोडं दिनदर्शिकांत.
मेता अजून वास घेऊनच जाते.

पण काल झाडता झाडता ते पुस्तक हातात आलं
आणि मी पाहिलं जे आधी दिसलं नव्हतं.
शेवटून तिसऱ्या प्रकरणात,
राणीमाशी म्हातारी झाल्यावर
पोळं काय करतं त्या परिच्छेदाशेजारी,
अक्षर बारीक, जणू कुणी ऐकेल म्हणून:

"हे मला माहीत नव्हतं."

वही उघडली.
पहिल्या पानावर दोऱ्याच्या रिळाच्या वर
एक ओळ रिकामी होती.