डाव्या पायाची दुरुस्ती

महाप्याच्या एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर,
जिथं पूर्वी इंजेक्शनच्या सुया पॅक व्हायच्या,
तिथं आम्ही आता माणसं चालवतो.

त्या दिवशी ठरलेली मुलगी आली नाही.
सीनमध्ये झाडणारी बाई हवी होती, आणि झाडणारी बाई
दारातच उभी होती, मॉप धरून.
केदारसर म्हणाले, अरे, मग शोधतोय काय आपण?
कडूबाई, तुर्भे स्टोअर, ठेकेदारामार्फत.
पाचशे रुपये, व्हाउचरवर सही,
कपाटातला काळा सूट, त्रेपन्न चमकते ठिपके.

सूट दोनच मापांचे. दोन्ही पुरुषांचे.
छातीवरचा ठिपका सारखा घसरत होता
आणि तो कुणी चिकटवायचा
यावर तीन इंजिनियर छताकडे बघत राहिले.
मी चिकटवला.
मंगळसूत्र चमकतं, काढा, म्हणाले.
ती म्हणाली, तो सोडून गेला तेव्हा नाही काढलं,
तुमच्या मशिनीसाठी काढू?
शेवटी दोन वाट्यांवर काळी चिकटपट्टी.

कॅमेऱ्यांना रंग कळत नाही. खरंच.
भिंतीवर चोवीस डोळे, पण एकालाही
बाई दिसली नाही, काळी दिसली नाही,
गरीब दिसली नाही.
मला आधी वाटायचं, ही किती चांगली गोष्ट आहे.
ते सगळं नंतर आम्हीच घालतो
उजव्या बाजूच्या यादीतून.

कातडीचे रंग: मध, बदाम, कॅरामल, दालचिनी, कॉफी.
सगळं खाण्याजोगं.
कडू असं काही नाही त्यात.
सापळा मुळात पुरुषाचाच येतो,
बाई करायची तर खांदे कमी, कंबर कमी,
आणि एके ठिकाणी आकडा शंभराच्या वर.
गरिबी कपड्यांच्या फोल्डरात:
फाटका एक, फाटका दोन, मळका.
मी तरी कुठली शहाणी.
ओळखपत्रावर मी दोन घरं उजळ आहे,
घणसोलीत फिरणाऱ्या बायोडेटावर तीन.

झाडू म्हणून प्लास्टिकची नळी दिली.
ती झाडायला लागली.
केदारसर म्हणाले, जरा बाईसारखं वाका ना.
ती थांबली.
मग आता कशी वाकले?

दाखवा की मला, म्हणाली. लावलं परत.
पडद्यावर राखाडी सापळा,
नाक नाही, लुगडं नाही, गोंदण नाही,
नुसता वाकतोय.
बराच वेळ बघत राहिली.
ही तर आमची आई.
आम्ही हसलो. ती नाही हसली.
डावा पाय बघा. खडी फोडून उठताना
अस्साच बाहेर टाकायची.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे फाइल आली. मेड_स्वीप_०४.
सोबत चिठ्ठी: डाव्या पायात नॉइज आहे, साफ करणे.

रेघ वर उडत होती, दर पावलाला एकदा,
गाठीसारखी.
मी ती धरली आणि सपाट केली.
पगार त्याचाच मिळतो.
मग ती बारा वेळा चिकटवली बाजाराच्या गल्लीत,
मधापासून कॉफीपर्यंत बारा तोंडं
आणि एकच पाठ.
नायिका त्यांच्यामधून ताठ चालत जाते.
तिची चाल विकतची, तयार मिळते.

आठव्या बाईचा पाय राहून गेला माझ्याकडून.
राहून गेला, असंच लिहिलंय मी अहवालात.

परवा जिन्यात भेटली.
पन्नास रुपये कापले म्हणाली, एका ठिपक्याचे.
घरी सापडला नंतर, केसांत अडकलेला.
नातू रात्री बॅटरी मारतो त्याच्यावर.
परत आणू?
राहू द्या, म्हटलं.
बादली उचलून ती वर गेली, कठड्याला धरून.
लिफ्ट हाउसकीपिंगला नाही.