येण्याचे कारण

दर दुसऱ्या गुरुवारी वकिलात मला इथे पाठवते.
वाचनालयाची मागची खोली,
परीकथांचं कपाट आणि बंद पडलेला हीटर,
मधे मी, शिक्का,
आणि बोटांचे ठसे घेणारं यंत्र.
सीमेपासून तीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना
सोपा परवाना.
सोपा म्हणजे व्हिसा नको, निमंत्रण नको.
तीन कागद, दोन फोटो,
आणि सहा महिन्यांतले नव्वद दिवस
शेजारी असण्याची मुभा.

गेनोवेफा आली ती गमबुटांना ओली माती घेऊन.
यंत्रावर तिची बोटं उमटेनात.
एक्याऐंशी वर्षांत बीट, राख आणि गाईंची आचळं
यांनी रेषा घासून नेल्या होत्या.
पुसून पुन्हा ठेवा, मी म्हटलं.
पुन्हा.
चौथ्या वेळी अंगठा कसाबसा लागला.
"चला," ती म्हणाली, "मी आहे म्हणायची."

येण्याचे कारण, या रकान्यात चार पर्याय :
नातलग, कबर, चर्च, बाजार.
भाऊ होता ना पलीकडे? मी विचारलं.
"होता," ती म्हणाली.
मी दुसऱ्या चौकटीत फुली मारली.

तिचं घर अगदी काठावर.
नदीला इकडे दौगावा म्हणतात, तिकडे द्विना,
ती कुठल्याच हाकेला ओ देत नाही.
पात्र दोनशे पावलांचं,
थंडीत पलीकडचा खोकलासुद्धा ऐकू येतो.
पण परवाना पाण्यावरून जात नाही.
परवाना बसने जातो,
शहरातून, बर्चच्या रानातून, ट्रकांच्या रांगेमागे ताटकळत,
चौऱ्याहत्तर किलोमीटर वळसा घालून
समोरच्या दारात.

एकोणीस वर्षं तिने समोरचं गाव फक्त पाहिलं.
कोणाच्या दोरीवर कुठले पडदे,
कोणाचा कुत्रा बदलला,
कोणत्या घराला नवं फाटक.
आणि कझिमिरच्या धुराड्यातून धूर आला नाही,
ती सकाळ.

जूनमध्ये परवाना आला. ती गेली.
ऑगस्टमध्ये भेटली, पोस्टासमोर,
हातात खिळ्यांचं पुडकं.

"कबर पाहिली. गवत काढलं.
मेणबत्ती टिकेना वाऱ्यात.
मग त्याच्या घरामागे उतरले, नदीवर,
आणि समोर बघते तर कोणाचं तरी घर.
केवढंसं!
एका अंगाला कललेलं,
छपराचे तीन पत्रे उचकटलेले.
मला दयाच आली गं,
म्हटलं, कोण राहतं तिथे एकटं?
मग दोरीवरचा निळा एप्रन ओळखला.
आदल्या दिवशी आत घ्यायचा राहिला होता."

त्या बाजूला थेट काठ, ती सांगत होती,
मागे सरकून बघायला जागाच नाही.
पलीकडचे लोक म्हणाले,
आजी, दोन वर्षं झाली पत्रे उडून.
किती हाका मारल्या आम्ही,
बोटाने दाखवलं,
तुम्ही नुसता हात हलवायच्या.

या गुरुवारी ती पुन्हा आली, नूतनीकरणाला.
अंगठा पहिल्याच वेळी लागला, का कोण जाणे.
येण्याचे कारण?
"छप्पर," ती म्हणाली.
"पत्रे ठोकलेत. नीट बसलेत का
ते तिकडून बघायचंय."

मी म्हटलं, चारच पर्याय आहेत.
तिने चष्मा लावला,
एकेका शब्दावर बोट ठेवत चारही वाचले,
'नातलग'वर जरा थांबली,
पुढे सरकली.

"बाजार लिही," म्हणाली,
"येताना मीठ आणीन."