फुली

मोरकॅमच्या खाडीकाठी आमचं कॉलेज,
संत मेबल थ्रेल्फॉलचं.
फाटकातच ती उभी आहे, दगडी, अनवाणी,
कमरेला शिंपल्यांची टोपली.
परीक्षेच्या दिवसांत पोरं येता-जाता टोपलीला हात लावतात,
म्हणून तेवढाच दगड गुळगुळीत झालाय,
बाकी सगळीभर शेवाळ.

वाचनालयही तिच्याच नावाचं.
आणि बाई तर अशी,
की आयुष्यात पांढऱ्यावर काळं केलं नाही.

धर्मगुरूला दार उघडणाऱ्याला फास होता
त्या दिवसांतली गोष्ट.
मेबल त्यांना रात्री वाळूवरून पलीकडे न्यायची,
कोणी म्हणतं नऊ मैल, कोणी सात,
ओहोटी संपायच्या आत.
कुठली वाळू भरवशाची, कुठली गिळणारी,
हे तिच्या तळव्यांना कळायचं.
मागच्याला एवढंच सांगायची:
माझ्या पावलात पाऊल टाका,
प्रार्थना पलीकडे गेल्यावर.

पकडली गेली ती भर दुपारी, शिंपल्या विकताना.
लँकेस्टरच्या किल्ल्यात कारकुनाने जबाब लिहून घेतला,
म्हणाला, लिहिता येत नाही ना, मग खाली फुली मार.
मेबलने कागदावरून बोट फिरवलं, वरून खाली, सावकाश.
मी तीन वाक्यं बोलले, ती म्हणाली.
इथे अकरा ओळी आहेत.

मी गणित शिकवते.
दर सप्टेंबरात नव्या वर्गाला हे सांगते
आणि इथे जरा थांबते.

मग तिने फुली मारली.
खाली नाही.
या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, अख्ख्या कागदावर,
नावं, गावं, सगळं तिच्याखाली.
न्यायाधीशाला ती खाडाखोड दिसली.
ख्रिस्तसभेला क्रूस दिसला,
पण साडेतीनशे वर्षांनी.
फास मात्र त्याच आठवड्यात.

माझी आई आगाशीची.
बँकेत अंगठा उठवायची
आणि निळं बोट घरी येईपर्यंत पदरात लपवायची.
केळ्यांच्या घडांचा हिशोब
एका पैशाने चुकला नाही तिचा कधी.
सातवीत असताना मी तिला म्हणाले होते,
तुला काय कळतंय त्यातलं?
ते वाक्य कुठल्या कागदावर नाही.
असतं तर बरं झालं असतं,
या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.

आज ब्रायनी कॉर्लेसचा पेपर समोर आहे.
सहाव्या प्रश्नाखाली तिने लिहिलंय, 'समजा, एक्स'
आणि पुढे सगळं कोरं.
वसईच्या शाळेत आम्ही त्याला क्ष म्हणायचो.
नाव बदललं, देश बदलला,
अज्ञात ते अज्ञातच राहिलं.

लाल पेन उघडं ठेवून मी बसून राहते.
एवढ्याशा दोन रेघा:
चुकलं त्याच्याही त्याच,
गुणाकाराच्याही,
नि सही येत नाही त्या हाताच्याही.

खिडकीबाहेर भरती आत शिरतेय,
राखाडी, बिनआवाजाची,
धावत्या घोड्याला गाठेल म्हणतात अशी.

ब्रायनीला गुण देता येत नाही. शून्य ते शून्य.
पण फुलीही मारत नाही.
पेन्सिल घेऊन समासात लिहिते:
इथवर वाळू घट्ट आहे.
उद्या तासानंतर थांब.