मनगटाचा एक्स-रे

दिवसभर मी लोकांना एकच सांगते:
श्वास घ्या. धरून ठेवा. आता सोडा.
म्हैसाळची म्हातारी, जतचा ट्रकवाला,
बटणं काढताना लाजणारा तलाठी,
सगळे ऐकतात.
न ऐकणारी दोनच माणसं मिरजेत आहेत
आणि ती माझ्याच घरी जेवतात.

सिरिल सोळाचा.
जसिंता चौदाची, पण आरशापुढे वीस,
आणि भांडी घासायची वेळ आली की नऊ.

उपवासकाळातला तिसरा शुक्रवार.
आमच्या ताटात डाळ-भात,
पोराच्या शर्टाला मात्र वास
स्टेशनजवळच्या गाड्यावरल्या तांबड्या रश्श्याचा.
विचारलं तर म्हणतो,
"रस्साच प्यालोय की. पीस कुठं खाल्ला?"
पास्कल ताटावरून उठला.
कुपवाडला लेथवर उभा राहणारा माणूस,
मिलिमीटरचा शंभरावा भाग त्याला कळतो,
बाकी सगळं तो गप्प बसून मोजतो.
मला हसू आलं होतं. पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं
आणि शनिवारी फादरांना तेही सांगितलं.

पापनिवेदनाच्या रांगेत सिरिल माझ्यापुढे.
दोन मिनिटांत बाहेर!
माझ्या हिशेबानं पाऊण तासाचा ऐवज होता.
जाळीपाशी काय बोलला असेल
हे कळायला मी काय दिलं नसतं.
आत गेले तर माझं पहिलं पाप
तेच निघालं.

जसिंता गायनवृंदात गेली.
भक्तीनं नव्हे, की-बोर्डवाला पोरगा बेडगहून येतो म्हणून.
रात्री जपमाळेला ती पाचव्या रहस्यावर झोपते,
नमो मरियेच्या मधोमध,
उशीखालचा मोबाईल तेवढा जागा.

आणि झावळ्यांच्या रविवारी, बूट घालता घालता,
सिरिल थांबला.
"मला तिथं काहीच वाटत नाही, आई.
खोटं खोटं उभा राहू का?"
राहा, म्हणणार होते.
नको, म्हणणार होते.
रिक्षा आली होती. आम्ही तिघं गेलो.
त्याची झावळी मी घरी आणली, फोटोमागे खोचली,
त्यानं बघितलं, काही बोलला नाही.

त्याच रात्री माझी ड्यूटी.
साडेदहाला दारात तन्वीर मुजावर, घामाघूम,
आणि मागं हा, डावा हात उजव्यात धरून.
कृष्णाघाटाच्या वळणावर वाळू होती म्हणे.
हेल्मेटचं विचारलं, दोघांनी छताकडे बघितलं.
मी त्याला शिशाचा जड एप्रन घातला,
मनगट प्लेटवर टेकवलं
आणि सवयीनं म्हणाले, श्वास धर.
"मनगटाला कशाला?"
बरोबर होतं त्याचं.
धरला होता तो मीच.

नवा डॉक्टर स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला,
"मॅडम, इथं आरपार गेलंय."
नाही डॉक्टर, ती वाढीची रेघ.
अजून मिटलेली नाही.
मोडलंय ते जरा वर, बघा, केसाएवढं.
मग प्रिंट घेताना, कुणी विचारलेलं नसताना,
मी पुन्हा म्हणाले:
अजून मिटलेली नाही.

ईस्टरच्या रात्री तो चर्चपर्यंत आला.
आमच्यासाठी नव्हे, म्हणाला, अंगणातली आग बघायला.
प्लास्टरवर जसिंतानं मार्करनं काढलेली मांजर,
तिच्या पोटात की-बोर्ड.
अंधारात एकाची मेणबत्ती दुसऱ्याला लागत गेली,
जसिंतानं त्याची लावली.
मग सगळे आत निघाले आणि तो निघाला नाही.

दारातून मी एकदाच वळून पाहिलं.
वारा सुटला होता.
मेणबत्ती उजव्या हातात,
आणि ज्योतीला आडोसा
त्या पांढऱ्या, मांजरवाल्या हाताचा.

बाकावर बसता बसता पास्कलनं विचारलं,
"विझवली का त्यानं?"
दिसलं नाही मला, म्हणाले.

चला, पुढच्या शनिवारी फादरांना सांगायला
एक झालं.