लॅमिनेट केलेली चिठ्ठी

लक्ष्मीपुरीत शटर अजून अर्धंच वर आहे,
तेवढ्यात भूपाल मगदूम वाकून आत येतात.
हातात डॉक्टरांची चिठ्ठी.
लॅमिनेट केलेली,
कडा गोल कापून घेतलेली.
"आता भिजत न्हाई, फाटत न्हाई. धा वर्सं बघाय नको."

मी तारीख बघते. मागच्याच्या मागचा गणपती.
कॅप्सूल, दिवसातून दोनदा, पाच दिवस.
खाली घोरपडे डॉक्टरांची सही,
त्यांच्या दवाखान्यात आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

"अण्णा, ही नाही चालायची."
"का? अक्षर लागतंय की!"

अक्षर लागतंय.
पण ते तुमच्या छातीला लिहिलेलं,
शिरोलीच्या फौंड्रीतून घरी आणलेल्या त्या खोकल्याला.
आज घसा धरलाय नातीचा.
वय सहा. वजन अठरा किलो.

ते काउंटरवर बोटं वाजवतात.
"तवा तीन दिसांतच खडखडीत झालो बगा.
चार गोळ्या उरल्या, त्या वैनीला दिल्या."
चार.
दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ.
मी पट्टी उलटी करून मागची लाल रेघ दाखवते,
सांगते, डॉक्टरांना न विचारता मधेच सोडलं की
उरलासुरला जंतू डाव शिकून परत येतो.
ते जरा गप्प राहतात.
"म्हंजे पाठ टेकलीच न्हवती म्हणा त्याची."
तालमीतला माणूस. मला पुढं बोलावं लागत नाही.

तरी जाताना कुरकुरतातच,
"तीस रुपये घातलेत ह्या प्लास्टिकला."

संध्याकाळी परत. नात खांद्यावर,
तिच्या हातात अर्धा खाल्लेला राजगिऱ्याचा लाडू.
नवी चिठ्ठी, आजची तारीख:
तापाचं औषध, कोमट पाणी,
तीन दिवसांत उतरलं नाही तर दाखवणे.
"अँटिबायोटिक लिवलंच न्हाई," अण्णांचा चेहरा पडलेला,
रश्शाशिवाय मिसळ पुढ्यात आल्यासारखा.
"नसेल लागत."
"फी तर तेवढीच घेतली!"

मी औषध देते. म्हणते, ही लॅमिनेट करू नका.
ते हसत नाहीत. पोरगी हसते.

रात्री घरी फ्रीज उघडते,
दाराच्या कप्प्यात, लोणच्यामागं
माझ्याच लेकाचं पातळ औषध, दोन बोटं उरलेलं.
कालवल्यापासून सात दिवस,
असं लेबलवर माझ्याच अक्षरात.
दिवाळीतलं आहे.
बाहेर आता आंब्याच्या पेट्या उतरतायत.