नाद

आमच्या हुपरीत चांदी कानानं ओळखतात.
फरशीवर टाकायची, ऐकायचं.
भेसळ असली की बद्द वाजते,
छाती भरलेल्या म्हाताऱ्यागत.
आठवीतनं शाळा सोडून घुंगरांच्या कामावर बसलो,
तेव्हापासून माझा कान चुकला नाही.

पण त्या खेळाला आवाजच नव्हता.
मोबाईल सायलेंट, पांघरूण डोक्यावरनं,
तेरा पत्ते आणि एक अंगठा.

पहिल्या आठवड्यात साडेतीनशे आले.
कोल्हापूरला जाऊन गंगावेशीत कट्ट्यावर
चौघांना धारोष्ण दूध पाजलं.
मिश्या पांढऱ्या करून मेहबूब म्हणाला, "नाद खुळा, भावा!"
तेवढाच काय तो नाद
ऐकू आला.

जाहिरातीच्या शेवटी एक बाई
एका दमात सांगून टाकायची :
सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा.
इतक्या घाईत, की जणू तिची शेवटची एसटी सुटत होती.
मी खेळलो की जबाबदारीनं.
हात धुऊन खेळलो.
पोरीची फी बाजूला काढून खेळलो,
मग फी हातात घेऊन.
रोज पाचशेची मर्यादा घातली,
आणि बारा वाजून एक मिनिटानं
तारीख बदलली म्हणून परत पाचशेची.

किती गेले ते रुपयांत सांगवत नाही.
वजनात सांगतो :
पेढीवरनं मजुरीला आणलेली चांदी, दोन किलो आठशे ग्रॅम.
आणि त्रिशलाचे पैंजण.
लग्नाआधी मीच घडवलेले,
एकेक घुंगरू कानाशी धरून निवडलेलं.
"पॉलिशला दिलेत," म्हणालो.
ती काही बोलली नाही.

म्हणून तर सापडलो.
पायात पैंजण असते तर
स्वयंपाकघरातनं निघाल्याबरोबर कळलं असतं,
मोबाईल उशीखाली गेला असता.
ती उशाशी येऊन उभी राहिली, मला पत्ता नाही.
"किती वाजले?" तिनं विचारलं.
मी म्हणालो, "एकशेचाळीस उरलेत."

सीपीआरच्या आवारात गावचा एकजण भेटला.
दाढ दुखतीय, म्हणून सांगितलं.
मनोविकार लिहिलेल्या दाराबाहेर
केसपेपरची सुरळी करत बसलो,
त्रिशला शेजारी, पिशवी मांडीवर.
मुजावर मॅडमनी उपदेश केला नाही.
शेवटचं कधी खेळलास, विचारलं.
"बाहेर. आत्ता. तुम्ही बोलवायच्या आधी."
त्यांनी लिहून घेतलं, जसं ताप लिहितात.
खातं त्यांच्यासमोरच कायमचं बंद केलं.
खरंच बंद करायचंय का, तीनदा विचारलं त्यानं.
खेळताना एकदाही विचारलं नव्हतं.

आता गुरुवारी आम्ही सातजण बसतो.
शिरोलीच्या फौंड्रीतला दस्तगीर,
सहलीचे पैसे घालवलेले एक गुरुजी,
एक पोरगा, वीस वर्षांचा, तोंडच उघडत नाही.
दुसऱ्या महिन्यात मेव्हण्याच्या फोनवरनं
मी नऊशे घालवले.
जाऊ नये वाटत होतं, गेलो. सांगितलं.
पंखा फिरत राहिला.
दस्तगीर म्हणाला, "आलास न्हवं?
बास झालं की मग."
आणि त्या पोरानं पहिल्यांदा वर बघितलं.

पेढीवाले भूपालशेठ मजुरीतनं कापतात.
उरलेली मजुरी त्रिशलाच्या हातात.
चांदी माझ्या हातात द्यायच्या आधी
दोनदा तोलतात, माझ्यासमोर.
तोलू देत.

त्रिशला अजून अनवाणीच आहे.
रात्री एकदा उठते, दबकत येते,
उशीखाली हात घालून बघते.
मी डोळे मिटून जागा असतो.
मग ती परत जाते, फरशीवरनं,
आणि तिची नुसती पावलं
आता मला ऐकू येतात.