टोपणं

मिरजेच्या सरकारी दवाखान्यात
केसपेपरच्या खिडकीपाशी एक माणूस उभा असायचा.
त्याच्याकडे पेन मिळायचं.
टोपण मात्र तो स्वतःच्या खिशात ठेवायचा.
"टोपण माझ्याकडं हाय, म्हंजे तू परत येणारच."

नेमगोंडा मगदूम. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर.
इथं त्यांना कुणी नेमलं नव्हतं.
बिल्ला नाही, खुर्ची नाही.
एक्स-रे कुठल्या मजल्यावर, रक्त कुठल्या खोलीत,
कुठला साहेब चहानंतर बरा बोलतो, सगळं पाठ.
माणसाला पार्सलसारखं योग्य दारात पोचतं करायचे
आणि सही झाल्याशिवाय मागं फिरायचे नाहीत.

आम्ही उमदीहून आलो होतो, पहाटेच्या एसटीनं.
आईला कानडीशिवाय काही येत नव्हतं,
डॉक्टरीणबाई नागपूरच्या,
मी चौदा वर्षांचा, दोन्ही भाषांत घाबरलेला.
आई म्हणाली, "ब्यानी."
आण्णा मधे उभे राहिले.
"कळ येती म्हणती. रात्रीची जास्त.
पोराला सांगितलं न्हाई तिनं."
हे शेवटचं आई बोललीच नव्हती.
खरं होतं.

त्यांच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत.
आक्का पाचलाच ताट वाढून ठेवायच्या.
अपघाताच्या वॉर्डाला मात्र सूर्य दिसत नाही.
किती संध्याकाळी ते ताट गाईपुढं गेलं
याचा हिशेब आक्कांनी ठेवला नाही,
राग ठेवला. तो अजून आहे.
"लोकांची पोटं तपासून आणायची
आन् सोताचं रिकामं!"

त्या दिवशी आईला आत घेतलं.
तिच्या अंगठ्याशेजारी मी नाव लिहिलं
आणि पेन खिशात घालून पळत सुटलो.
मग उमदी,
मग इचलकरंजीत मागावर,
मग सव्वीस वर्षं.

आण्णा गेल्याचं कळलं तेही एसटीत,
पुढच्या सीटवर कुणी कुणाला सांगत होतं.
पेन ट्रंकेत सापडलं. शाई कधीच वाळलेली.

आक्कांनी फळीवरून बिस्किटाचा डबा काढला.
आत टोपणं.
निळी, काळी, लाल, एकदोन दातांनी चावलेली,
हात घातला तर मनगटापर्यंत जाईल इतकी.
मी म्हणालो, एवढे सगळे विसरलो आम्ही?
"इसरत न्हाईत," आक्का म्हणाल्या.
"ह्ये म्हणायचे, पेन घिऊन जो पळतो
त्येला आतनं हाक आल्याली असती.
चांगली का वाईट, तेवढंच कळत न्हाई."
झोप आली नाही की आण्णा डबा घेऊन बसायचे.
हे बेडगच्या म्हाताऱ्याचं.
हे भाजलेल्या त्या सुनेचं.
हे कुणाचं गं?
आक्का कूस बदलायच्या.

मी पेन काढलं.
एकही निळं टोपण धड बसेना.
एक सैल, एकाला चीर, एक बसलं ते निघेचना.
ते तसंच राहू दिलं
आणि सांगायला आलो होतो ते सांगितलं,
फोटोकडं नाही, डब्याकडं बघून:

आई जगली. सोळा वर्षं.
माझ्या लग्नात रुसली,
नातीला कानडी शिव्या शिकवल्या,
गेली ती झोपेत.
शेवटच्या रात्री ब्यानी नव्हती.

आक्का आता डोळ्याला पदर लावतील असं वाटलं.
त्यांनी डब्यातून एक टोपण उचललं, हाताला लागेल ते,
आणि देवळीतल्या तपकिरीच्या डबीत टाकलं.
तिच्यात आधीची सात-आठ होती.
"कळलेल्यांची," म्हणाल्या.
मग मोठ्या डब्याचं झाकण दाबता दाबता,
"जेवून जा की.
अजून दिवस हाय."